आधी निदान, मग उपाय

घरात कोणी आजारी पडले की औषध सुचविणारांची कधी वानवा नसते. कोणी काढा सांगतो, कोणी लंघन सांगतो, कोणी दूरच्या वैद्याचे नाव सांगतो. पण 'रोग्याला झाले आहे तरी काय?' हा प्रश्न मात्र बहुधा सर्वांत शेवटी विचारला जातो. माणसाच्या बाबतीत जे घडते तेच यंत्राच्याही बाबतीत घडते, याचा प्रत्यय २०२४ सालच्या पावसाळ्यात आमच्या शाळेच्या संगणककक्षात आम्हांस आला. त्या प्रसंगाने आमचे एक मत पक्के झाले. शाळेत संगणक चालविणे ज्या अगत्याने शिकवितात, त्याच अगत्याने बिघडलेल्या संगणकाचे निदान करणेही शिकविले पाहिजे, असे ते मत आहे. आमच्या सोबत्यांपुढे आणि त्यांच्या घरच्या वडीलधाऱ्यांपुढे ते सकारण मांडावे, एवढ्यासाठी हा लेखनप्रपंच.

आमच्या बडोद्याच्या शाळेत संगणककक्षाची राखण आम्हां दहावीच्या पाचजणांकडे आहे. राखण म्हणजे सकाळी कुलूप काढणे, सायंकाळी यंत्रे बंद करणे, आणि मधल्या वेळात धाकट्या वर्गांतील मुलांनी करून ठेवलेले घोटाळे निस्तरणे. कक्षाच्या कोपऱ्यात एक जुना संगणक आहे. त्यावर लिनक्स ही प्रणाली चालते. शाळेच्या साठवणीचे सारे धन त्याच्याच पोटात आहे: निकालपत्रके, स्नेहसंमेलनांची छायाचित्रे, आणि मुख्य म्हणजे साठ-पासष्ट वर्षांपूर्वीपासूनच्या वार्षिक अंकांची स्कॅन केलेली पाने. त्यांतील काही अंकांच्या कागदी प्रती पुढे वाळवीने खाल्ल्या; आता ते अंक उरले आहेत ते केवळ त्या कोपऱ्यातील यंत्रात. आमच्यापैकी एकीच्या आजोबांनी शाळकरी वयात लिहिलेला निबंध त्यांत आहे. महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहून मराठी जपणाऱ्या घरांना असल्या पानांचे मोल काय वाटते, हे निराळे सांगावयास नको.

त्या रात्री मोठा पाऊस झाला होता आणि विजेचा लपंडाव चालला होता. सकाळी आम्ही यंत्र सुरू केले, तेव्हा पडद्यावर नेहमीची खूण येईना. दीड मिनिटभर यंत्र कशाची तरी वाट पाहत राहिले आणि मग 'आपण आणीबाणीच्या अवस्थेत आहात' अशा अर्थाची एक इंग्रजी ओळ दाखवून स्वस्थ बसले. आमच्या पोटात गोळा उठला. ज्या साठ्यात वार्षिक अंक होते, तो साठाच सापडत नव्हता.

पुढे काय झाले ते सांगण्यापूर्वी हा साठा कसा रचलेला असतो, ते थोडे समजून घेतले पाहिजे. पहिली हार्डडिस्क आयबीएम कंपनीने १९५६ साली बाजारात आणली. तिच्यात २४ इंच व्यासाच्या ५० चकत्या होत्या आणि सगळ्या मिळून सुमारे ५० लक्ष अक्षरे मावत. आजच्या मोबाइलवर काढलेले एखादे छायाचित्रसुद्धा तेवढी जागा सहज व्यापते! डिस्क मोठ्या होत गेल्या, तशी माणसाची हावही वाढत गेली. एक डिस्क भरली की दुसरी, दुसरी भरली की तिसरी. आणि कोणती वस्तू कोणत्या डिस्कवर ठेवली, याचा घोळ सुरू होतो. ही अडचण दूर करणारी जी पद्धत लिनक्समध्ये आहे, तिला 'लॉजिकल व्हॉल्यूम मॅनेजमेंट' किंवा थोडक्यात 'एलव्हीएम' म्हणतात. लिनक्सचा गाभा लिनस टॉरव्हाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने १९९१ साली लिहिला. त्याच्यासाठी एलव्हीएमची पहिली रचना १९९८ साली हाइन्झ माउल्सहागेन यांनी केली.

या पद्धतीचे मर्म असे. चार भावांची शेते निरनिराळी असली, तरी धान्य एकाच सामाईक कोठारात जमा व्हावे, आणि मग ज्याला जेवढे लागेल तेवढे त्यातून मापून द्यावे. येथे प्रत्येक डिस्क हे एक शेत. तिला 'फिजिकल व्हॉल्यूम' म्हणतात. सगळ्यांचे मिळून जे कोठार होते तो 'व्हॉल्यूम ग्रुप'. त्या कोठारातून मापून दिलेला जो वाटा, तो 'लॉजिकल व्हॉल्यूम'. कोठारातले माप साधारणतः ४ मेगाबाइटचे असते. आमच्या यंत्रात प्रत्येकी ५०० गिगाबाइटच्या तीन डिस्क एकत्र जोडल्या होत्या. म्हणजे एकेका डिस्कमध्ये सुमारे १ लक्ष १९ हजार मापे झाली. आमचे वार्षिक अंक ज्या वाट्यात होते, त्याची मापे तिन्ही डिस्कवर पसरलेली होती. अर्थात हे आम्हांस तेव्हा ठाऊक नव्हते. आम्हांस पडद्यावर एकच मोठे कपाट दिसे, आणि त्यातच आम्ही समाधानी होतो.

आता प्रश्न असा की, एवढ्या लक्षावधी मापांतले कोणते माप कोणाच्या वाट्याचे, हे यंत्राला कळते कसे? त्यासाठी एक खातेवही असते. ती प्रत्येक डिस्कच्या आरंभीच्या भागात साध्या अक्षरांत लिहिलेली असते, आणि साधारणतः जितक्या डिस्क तितक्या तिच्या प्रती असतात. शिवाय लिनक्सच्या 'ईटीसी' या विभागात 'एलव्हीएम' नावाचा एक कप्पा असतो. त्यात 'बॅकअप' म्हणून चालू नोंद व 'आर्काइव्ह' म्हणून मागच्या फेरफारांच्या नोंदी ठेवलेल्या असतात. बडोद्याच्या मुलांना याचे महत्त्व चटकन कळावे. आपल्या शहरात सयाजीराव महाराजांनी १९१० साली अमेरिकेहून विल्यम बॉर्डन यांना बोलावून ग्रंथालयांची व्यवस्था लावली. तेव्हा पुस्तके जमविण्याइतकीच त्यांची सूची करण्याचीही चिंता वाहिली गेली. कारण सूची हरवलेल्या ग्रंथालयात पुस्तके कपाटात असूनही नसल्यासारखीच होतात. डिस्कचेही तसेच आहे. अक्षर अन् अक्षर जागच्या जागी असते, पण खातेवही बिघडली तर ते कोणाचे, हे कोणी सांगू शकत नाही.

आता त्या सकाळकडे वळू. बातमी पसरताच कक्षात गर्दी जमली आणि उपायांचा पाऊस सुरू झाला. एकजण म्हणाला, "सगळे पुसून टाका आणि लिनक्स नव्याने घाला, माझ्या घरी असेच केले होते." दुसऱ्याने कोठूनशी एक आज्ञा शोधून आणली. 'व्हीजीरिड्यूस' असे तिचे नाव. सापडत नसलेली डिस्क कोठारातून वगळून टाकावयाची आणि उरलेल्यांवर काम चालू करावयाचे, असा तिचा अर्थ. आम्हांस तो उपाय फार शहाणपणाचा वाटला. ती आज्ञा आम्ही टंकलिखित केलीही. यंत्राने ती नाकारली आणि जबरदस्तीचा शब्द जोडल्यास ती पाळू, असे सुचविले. आमच्यातील एकाचे बोट त्या शब्दाकडे वळले होते, हे कबूल केले पाहिजे.

तेवढ्यात कार्यालयातील हेडक्लार्क काका काय गडबड आहे ते पाहावयास आले. त्यांना संगणकातले फारसे काही कळत नाही, असे ते स्वतःच म्हणतात. पण सगळे ऐकून घेऊन ते म्हणाले, "अरे, रोजमेळाचा ताळा जुळत नसला म्हणून कोणी पान फाडते का? चूक सापडेपर्यंत खोडरबरास हात लावायचा नाही. वरून खाली एकेक रक्कम ताडून पाहायची." आमच्या सरांनी तत्काळ सर्वांचे हात कळफलकावरून काढविले आणि शाळेच्या एका माजी विद्यार्थ्यास दूरध्वनी केला. ते असल्याच यंत्रांचे काम करतात. त्यांचा पहिला प्रश्न होता, "तुम्ही आतापर्यंत काय काय केलेत, ते अनुक्रमाने सांगा." आणि दुसरी गोष्ट त्यांनी सांगितली ती अशी: "आता फक्त पाहा. लिहू काही नका. पाहण्याने काही बिघडत नाही. बिघडते ते लिहिण्याने."

मग आम्ही पायथ्यापासून वर चढू लागलो. प्रथम विचारले, यंत्राला डिस्क तरी किती दिसतात? 'एलएसबीएलके' या आज्ञेने त्याचे उत्तर मिळते. लिनक्स ज्या लहानशा डिस्कवर आहे ती दिसली. साठ्याच्या मात्र तिनांऐवजी दोनच दिसल्या. दुसरा प्रश्न: एलव्हीएमचे म्हणणे काय? 'पीव्हीएस' या आज्ञेने तिसऱ्या डिस्कच्या जागी एक लांबलचक ओळखक्रमांक दाखविला आणि 'ही हरवली आहे' असे सांगितले. म्हणजे खातेवही शाबूत होती. तिच्यात तीन नावे होती आणि हजेरीला दोघीच होत्या! तिसरा प्रश्न: गाभ्याचे काही गाऱ्हाणे आहे काय? 'डीमेसेज' ही आज्ञा दिल्यावर ज्या नोंदी पुढे आल्या, त्यांत एका जोडणीवर संदेश जात-येत नसल्याची ओळ वारंवार होती. म्हणजे दोष एलव्हीएमचा नव्हे. वाट्याचा नव्हे, कोठाराचा नव्हे. दोष त्याहून खाली, डिस्क किंवा तिची तार यांपैकी एकीचा होता.

यंत्र बंद करून, वीज काढून, सरांच्या देखत पेटी उघडली. तिसऱ्या डिस्कची साटा केबल दमटपणाने काळवंडली होती आणि बोट लावताच हलत होती. नवी केबल घातली. यंत्र सुरू केले, आणि तिन्ही डिस्क हजर! तरीही माजी विद्यार्थ्याने आम्हांस उतावीळ होऊ दिले नाही. प्रथम 'स्मार्टसीटीएल' या आज्ञेने डिस्कची प्रकृती तपासली. वाचता न येणाऱ्या जागांची संख्या तेथे नोंदलेली असते, ती शून्य निघाली. मग 'व्हीजीचेंज' या आज्ञेने कोठार उघडले. त्यातील फाइलींची रचना 'एफएससीके' या परीक्षकाकडून केवळ पाहून घेतली. काही दुरुस्त करू नकोस, असे त्यास बजावले होते. नंतर साठा केवळ वाचण्यापुरता जोडला, वार्षिक अंकांची सारी पाने एका निराळ्या डिस्कवर उतरवून घेतली, आणि त्यानंतरच नेहमीचे काम सुरू केले. आजोबांचा निबंध जागच्या जागी होता. हे सारे प्रकरण शेवटी एका तारेवर निभावले.

आम्ही जर ती जबरदस्तीची आज्ञा दिली असती तर? तिसऱ्या डिस्कवर ज्या वाट्याचा थोडाही भाग आहे, तो सबंध वाटा खातेवहीतून उडाला असता. आणि आमचा वाटा तर तिघींवर पसरलेला होता. 'आर्काइव्ह' मधील जुन्या नोंदीवरून 'व्हीजीसीएफजीरिस्टोर' ही आज्ञा खातेवही पूर्ववत करू शकते, हे खरे. पण मधल्या काळात त्या मोकळ्या ठरलेल्या जागेवर दुसरे काही लिहिले गेले नसेल तरच तिचा उपयोग. आणि पहिल्या सोबत्याचा 'सगळे पुसा' हा सल्ला मानला असता, तर परतीची वाट शोधणेही कठीण झाले असते. रोग तारेचा, आणि आम्ही निघालो होतो रोग्याचे हृदय कापावयास!

यावरून आमचे म्हणणे असे नाही की, एलव्हीएम ही पद्धत वाईट आहे. ती सोयीची आहे. साठा चालू असताना तो वाढविता येतो. एखादी डिस्क कुरकुरू लागली तर तिच्यावरील मापे 'पीव्हीमूव्ह' या आज्ञेने दुसरीवर हलविता येतात. परंतु सोय म्हणजे सुरक्षितता नव्हे, हे विसरता कामा नये. किंबहुना कित्येकदा सोय वाढते तशी जोखीमही वाढते. गणिताने पाहू. समजा, एक डिस्क वर्षभर टिकण्याचा संभव १०० मध्ये ९५ आहे. तीन डिस्क साध्या रीतीने जोडून एकच वाटा केला, तर तो टिकण्यासाठी तिघीही टिकल्या पाहिजेत. ९५ शतांशांस त्याच संख्येने दोनदा गुणले की १०० मध्ये सुमारे ८६ उरतात. म्हणजे एकटीचा धोका ५ होता, तो तिघींच्या मैत्रीने १४ वर गेला. आम्ही तीन डिस्क जोडल्या तेव्हा 'जागा तिप्पट झाली' म्हणून आनंदलो होतो. धोकाही जवळजवळ तिप्पट झाला, हे कोणाच्या ध्यानातही आले नाही.

यावर कोणी म्हणेल की, डिस्कची जोडी करून एकीचे प्रतिबिंब दुसरीत ठेवावे. तेही उत्तम. पण प्रतिबिंब ते प्रतिबिंबच. मूळ पुसले की प्रतिबिंबही पुसले जाते. त्याचप्रमाणे 'स्नॅपशॉट' नावाची जी क्षणचित्रे एलव्हीएम घेते, ती त्याच कोठारात राहतात. कोठार जळाले तर तीही जळतात, आणि जुन्या पद्धतीच्या क्षणचित्राला दिलेली जागा भरली की ते निरुपयोगी होते. खरी प्रत ती, जी दुसऱ्या डिस्कवर आहे, शक्य तर दुसऱ्या घरात आहे, आणि जी उघडून कोणीतरी वाचून पाहिली आहे. न वाचलेली प्रत म्हणजे न वटविलेली हुंडी.

निदानाची सवय नसली म्हणजे किरकोळ गोष्टही कशी भोवते, याचे दुसरे उदाहरण त्याच वर्षी पहिल्या सत्राच्या परीक्षेनंतर घडले. गुणपत्रक साठविताना यंत्र 'जागा शिल्लक नाही' असे म्हणू लागले. कोठारात तर मापे मोकळी होती. आमच्यापैकी एकाने मोठ्या हुशारीने 'एलव्हीएक्सटेंड' ही आज्ञा देऊन वाटा ५० गिगाबाइटने वाढविला. तरी तक्रार तीच! कारण वाटा वाढला, पण त्यावर फाइलींची जी रचना मांडलेली असते, तिला ही वार्ताच नव्हती. गोदामाची भिंत मागे सरकविली, पण आतल्या फडताळ्या होत्या तेवढ्याच राहिल्या. 'ईएक्सटी४' या प्रकारच्या रचनेस 'रीसाइझटूएफएस' या आज्ञेने ती वार्ता द्यावी लागते, तेव्हा कोठे नवी जागा दिसते. वाढविताना आधी वाटा, मग रचना. कमी करताना मात्र क्रम नेमका उलटा: रचना आधी आखडावयाची आणि वाटा मागून. हा क्रम चुकला की फडताळ्यांसकट भिंत पडते. 'एक्सएफएस' नावाची दुसरी रचना तर वाढविता येते, पण लहान करण्याचा मार्ग व्यवहारात नाहीच. तेथे सर्व बाहेर काढून नवी मांडणी करावी लागते.

आणि एवढे करून मूळ कारण निराळेच निघाले. 'डीएफ' ही आज्ञा साठा किती भरला ते सांगते. 'डीयू' ही फाइली मोजून बेरीज देते. दोघींच्या उत्तरांत मोठी तफावत होती. एका कार्यक्रमाची नोंदीची फाइल बेसुमार फुगली होती. ती आम्हीच आठवड्यापूर्वी पुसली होती, परंतु तो कार्यक्रम ती उघडी धरून बसला होता. आणि उघडी धरलेली फाइल नावाने नाहीशी झाली तरी जागा सोडत नाही. कार्यक्रम थांबवून पुन्हा सुरू करताच जागा मोकळी झाली. असल्या वेळी आणखीही दोन कारणे संभवतात. एक असे की, जागा असते पण फाइलींची नावनिशी ठेवणारे 'आयनोड' संपलेले असतात. लक्षावधी चिमुकल्या फाइली झाल्या की असे होते. दुसरे असे की, ईएक्सटी४ रचनेत साधारणतः शेकडा ५ जागा व्यवस्थापकासाठी राखून ठेवलेली असते. 'जागा नाही' या एका वाक्यामागे इतकी निरनिराळी दुखणी असतात, आणि प्रत्येकाचे औषध वेगळे असते. ताप आला एवढ्यावरून कोणता ताप ते कळत नाही, त्यातलाच हा प्रकार.

आता आमच्या मतावर जे आक्षेप घेतले जातात, त्यांचा विचार करू. पहिला आक्षेप असा की, हे तज्ज्ञांचे काम आहे. मुलांनी यात डोके घालू नये. आम्हांस हे अर्धेच मान्य आहे. दुरुस्ती तज्ज्ञाने करावी. पण तज्ज्ञ येईपर्यंत काय करू नये, हे तर प्रत्येकाला कळले पाहिजे. बुडालेल्या माणसाला पाण्याबाहेर काढल्यावर काय करू नये हे शाळेत शिकवितात, ते सर्वांनी डॉक्टर व्हावे म्हणून नव्हे. लिनक्सची डिस्क दुसऱ्या प्रणालीच्या संगणकास जोडली की 'ही डिस्क वापरण्यापूर्वी फॉरमॅट करावयाची काय?' असा प्रश्न पडद्यावर येतो. त्याला 'नको' म्हणण्याएवढे ज्ञान तरी घरोघरी हवे. डिस्कमधून टकटक आवाज येऊ लागला, तर ती पुन्हा पुन्हा सुरू करून पाहू नये, ताबडतोब बंद करावी, आणि जाणत्याकडून तिची नक्कल उतरवून त्या नकलेवरच सारे प्रयोग करावेत, हेही तितकेच सोपे आहे. ज्या घरात ताईच्या लग्नाची छायाचित्रे एकाच डिस्कवर आहेत, त्या घरास हे ज्ञान पोथ्यापुराणांइतकेच आवश्यक आहे.

दुसरा आक्षेप: हल्ली सर्व काही दूरच्या कंपन्यांच्या साठ्यात, म्हणजे 'क्लाउड'वर ठेवता येते, मग ही खटपट कशाला? त्यावर आमचे उत्तर असे की, 'क्लाउड' आकाशात नसतो. तोही कोठल्यातरी इमारतीतील डिस्कवरच असतो, आणि तेथेही कोणीतरी आमच्यासारखेच 'आज किती हजर?' म्हणून विचारीत असते. तेथे एक प्रत अवश्य ठेवावी. पण तिच्या भरवशावर आपली प्रत सोडू नये. वर्गणी थकली, खाते बंद पडले किंवा परवलीचा शब्द विसरला, तर त्या दारात आपण परके ठरतो.

तिसरा आक्षेप परीक्षेचा. या विषयाला गुण किती? आम्ही प्रामाणिकपणे सांगतो की, एकही नाही. पण दोष कोणत्या थरात आहे ते शोधणे, एका वेळी एकच बदल करणे, केलेले लिहून ठेवणे, आणि उत्तर पटेपर्यंत न पुसणे, या चार सवयी ज्याला लागल्या, त्याला भूमितीचा सिद्धांतही अवघड जात नाही आणि रसायनाचा प्रयोगही. विज्ञान ज्याला म्हणतात ते याहून फारसे निराळे नाही, अशी आमची समजूत आहे.

म्हणून आमची सूचना लहानशी आहे. प्रत्येक शाळेने एक टाकाऊ संगणक आणि दोन जुन्या डिस्क मुलांच्या स्वाधीन कराव्यात. त्यांवर कोठार रचावे, वाटे पाडावेत, मग शिक्षकांनी मुद्दाम एक तार सैल करून ठेवावी किंवा एक वाटा भरून टाकावा, आणि मुलांना सांगावे, "काय झाले ते शोधा, पण शोधून सांगेपर्यंत काही बदलू नका." याला पैसा लागत नाही, लिनक्स विनामूल्य मिळते, आणि जुनी यंत्रे माळ्यावर धूळ खात पडलेलीच आहेत.

आमच्या कक्षात आता एक जाड बांधणीची वही ठेवली आहे. कोणती डिस्क केव्हा घातली, तिचा ओळखक्रमांक काय, कोणती आज्ञा कोणी व का दिली, हे त्यात शाईने लिहावे लागते. वार्षिक अंकांच्या आता तीन प्रती आहेत. त्यांपैकी एक शाळेबाहेर ठेवलेली आहे, आणि महिन्यातून एकदा तिच्यातील एखादा अंक काढून आम्ही पाळीपाळीने वाचतो. प्रत शाबूत आहे की नाही हे त्याने कळते, आणि जुन्या विद्यार्थ्यांचे चार शब्दही कानी पडतात. मागच्या महिन्यात आजोबांच्या त्या निबंधाची पाळी आली होती. आजोबा स्वतः ऐकावयास आले होते. वाचन संपल्यावर ते एवढेच म्हणाले, "यात शुद्धलेखनाच्या दोन चुका आहेत, पण आता दुरुस्त करू नका हं!"

पुढच्या वर्षी आम्ही शाळेतून बाहेर पडू. कक्षाची किल्ली आणि ती वही नववीच्या मुलांच्या हाती जाईल. किल्लीपेक्षा वही अधिक जपा, एवढेच आमचे त्यांना सांगणे आहे.